तिमगादची भरून आलेली भिंत

इसवी सन २०८७, मार्च महिन्याची अकरावी तारीख, सकाळचे दहा. अल्जीरियातील तिमगाद या प्राचीन रोमन नगराच्या भग्न ग्रंथालयापाशी वास्तुपरीक्षक त्र्यंबकराव केळुसकर आपल्या मुलीसह उभे होते. तेथील पडकी भिंत जीवाणूंनी वर्षभरात दगड वाढवून पूर्ववत केली होती. ती मूळ मापाबरहुकूम वाढली आहे की नाही, एवढेच त्यांना ठरवायचे होते. बोटभर जरी चूक निघाली, तरी नवा दगड कापून टाकला जाणार होता.

चाळीस वर्षांपूर्वी ते इथे मोजणीला आले, तेव्हा या भिंतीला मोठे खिंडार होते. त्यांची पत्नी यमुना रोज त्यात पाय वर घेऊन बसे, संत्री सोली आणि समोरचे डोंगर पाहता पाहता त्यांच्या बेरजा सुधारी. त्या जागेला ती आपली आरामखुर्ची म्हणे. तिला जाऊन आता सहा वर्षे झाली होती.

“बाबा, करा ना नापास हिला,” मृण्मयी म्हणाली. “कॉलेजात शिकवताना अर्ध्या गुणासाठी पोरं नापास करत होतात!”

“ती पोरं चुकली होती.”

“आणि आईची जागा?”

त्र्यंबकरावांनी मापे पुन्हा घेतली, मग तिसऱ्यांदा घेतली. एकेक सांधा बोटांनी चाचपला. कुठेतरी चूक सापडावी, अशी इच्छा त्यांना आयुष्यात प्रथमच झाली होती.

अखेर ते निकालासाठी ताटकळलेल्या पुरातत्त्व खात्याच्या अधिकारी बाईंकडे वळले.

“भिंत निर्दोष आहे,” ते म्हणाले.