तुमची बस आता कुठे आहे?

तिसरा ड्रायव्हर साहेबांच्या केबिनमध्ये आला तो पुढचे दोन दात रुमालात घेऊन. पहिल्याचा हात गळ्यात होता, दुसऱ्याचा डोळा सुजून पार मिटला होता. कुणी मारलं, ते एकही सांगेना. पडलो, म्हणाले. बसवरचा माणूस इतक्यांदा पडत असेल, तर बस कशी टिकते, हे साहेबांनी विचारलं नाही.

विचारायची गरजही नव्हती. आगारप्रमुख होते ते. शत्रू कोण, ते त्यांना ठाऊक होतं.

वर्षभरापूर्वी त्यांच्या बसमधून फक्त माश्या प्रवास करत. प्रवासी दुप्पट करा, नाहीतर आगाराला कुलूप, असं वरून कळवलं होतं. मग माहिती विभागात ताई आली. आवाज इतका मऊ, की समोरचा दोनदा विचारी. तिने सगळ्या बसच्या वेळा नेटवर टाकल्या. कॉलेजात, दवाखान्यांत जाऊन लोकांना फोनवर बस बघायला शिकवलं. एकेका आजोबांना स्वतः उत्तर लिही : या, जागा आहे. लोक आले. बस भरल्या. ड्रायव्हरसुद्धा तिला एवढा मान देत, की ती दिसली की बिडी विझवून उभे राहत.

आणि समोर खाजगी प्रवासी व्हॅन चालवणाऱ्या व्हॅनशेठच्या गाड्या रिकाम्या उभ्या राहिल्या. मग मारणार कोण?

आपण नाही मारलं, अशी शेठने मुलांची शपथ घेतली. साहेबांनी ती कबुली समजली. ड्रायव्हर घाबरून घरी बसले, तर सगळं मुसळ केरात जाणार होतं. त्यांनी वर्कशॉपमधले दोन धट्टेकट्टे मेकॅनिक पाठवले. शेठची नडगी मोडली तेव्हा आवाज रस्त्यापलीकडे ऐकू आला. मला काहीच माहीत नाही हो, असं तो शुद्ध जाईपर्यंत ओरडत होता. साहेबांना त्या दिवशी जेवण चार घास जास्त गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बस धुण्याच्या शेडमागून किंकाळी आली.

साहेबांचं डोकं सणकलं. शेठ आडवा, तरी त्याची माणसं आगारात घुसतात म्हणजे काय. त्यांनी जॅकचा दांडा उचलला आणि धावत सुटले. आज एकाची तरी कवटी फोडायची, हे नक्की होतं.

शेडमागे चौथा ड्रायव्हर ऑइलच्या थारोळ्यात पालथा पडला होता. त्याच्या पाठीवर एक पाय रोवलेला होता. चाकाचा पाना वर जात होता आणि खाली येत होता.

"थांब," साहेब म्हणाले.

पाना आणखी एकदा खाली आला. मग कपाळावरची बट मागे सारून, आजोबांशी बोलायच्या त्याच मऊ आवाजात ताई म्हणाली,

"एकच मिनिट हं, साहेब. नेटवर सव्वाआठ लिहिलंय, हा साडेआठला आला."