उताराची सोय

किन्हवलीच्या अक्षयचा आजोबांच्या जीपवर भारी जीव. तिचा स्टार्टर कधीच गेलाय, पण हे तो कोणाला कळू देत नाही. जीप कायम उतारावर लावतो आणि घरंगळवत चालू करतो.

टोकावड्याला रंजिताला बघायला गेला तेव्हाही त्याने तसंच केलं. चहा पिताना "एका चावीत चालू होते" असं सांगूनही झालं. तेवढ्यात रंजिताच्या वडिलांनी, ऊन लागतंय म्हणून, हँडब्रेक काढून जीप खालच्या सपाटीला आंब्याखाली आणून ठेवली.

निघताना अक्षय नुसताच चावी फिरवत घामाघूम झाला.

"सेकंडला टाका, मी ढकलते," रंजिता ओढणी खोचत म्हणाली. "आमची पण अशीच हाय."

 

लग्न ठरलंय. दोन जीप लावता येतील एवढा उतार असलेला हॉल तेवढा मिळत नाय.