मागची सीट

“अ‍ॅव्हरेज किती देते हे?” इंदूबाईंनी पाचव्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून पाचव्यांदा विचारलं.

शोरूममधला फरदीन गुणी पोरगा. कंटाळला होता, पण चेहऱ्यावर दिसू देत नव्हता. “कंपनी पंचवीस सांगते काकू. पन मी खोटं नाई बोलत, आपल्या रस्त्यानं एकवीस-बावीस पकडा. या बजेटमंधी याच्यावर कोनतीच नाई.”

“आई, थे लाल पाह्य ना,” शुभम म्हणाला. लेकाचा जीव सकाळपासून त्या लाल गाडीत अडकला होता. “तिचं छत उघडते.”

“छत उघडून का पाखरं मोजशीन? थे पंधरा देते. हेच घेऊ.”

“चालवनं किती हाये काकू?” फरदीननं विचारलं.

“हप्त्यातून दोनदा. नांदगाव ते अमरावती, जाऊन-येऊन. माये भासरे हायेत, त्यायले डायलिसिसले आनाचं हाये.”

बॉनेट पुसता पुसता फरदीनचा हात थांबला. पोटचा मुलगा बापाला विचारत नाही अशा दिवसांत ही बाई थोरल्या दिरासाठी गाडी घेते! “अशी मानसं राह्यली नाई आता काकू,” तो मनापासून म्हणाला.

गावातही हेच बोललं जात होतं. भासऱ्यांची, म्हणजे पुंजाजींची, स्वतःची गाडी आजारपणात विकली गेली होती. मुलगा मनोज अकोल्याला, दारात गाडी बाळगून, पण बापाला न्यायला त्याला सवड नाही. एसटीनं जावं तर परतताना म्हाताऱ्याला मान धरवत नाही. तेव्हा इंदूबाईंनी जाऊबाईंच्या, माणिकबाईंच्या तोंडून निरोप धाडला, की आम्ही गाडी घेतो, आम्ही नेऊ. ऐकून पुंजाजी रडले म्हणे. गावानं लगेच इंदूबाईंना मोठ्या मनाची ठरवून टाकलं.

इंदूबाईंचं मन काही मोठं नव्हतं. त्यांना सूड हवा होता.

चार वर्षांपूर्वी त्यांच्या नवऱ्याच्या, शालिकरामच्या छातीत कळ आली, तेव्हा पुंजाजींची गाडी अंगणात उभी होती. इंदूबाई धावत गेल्या आणि चौकटीआड पदर ओढून थांबल्या. भासऱ्यांच्या पुढ्यात जायचं नाही, त्यांच्याशी बोलायचं नाही, हे लग्नापासून सव्वीस वर्षं पाळलेलं. माणिकबाईंनी निरोप आत नेला आणि उत्तर बाहेर आणलं. “गॅस असन म्हनते. गाडी अ‍ॅव्हरेज देत नाई, एवढ्याशासाठी काहाले काढा. ओवा खायले द्या म्हनते.” पुन्हा निरोप, पुन्हा तेच उत्तर. अर्धा तास असा गेला. शेवटी कोबीच्या टेम्पोत, पोत्यांवर निजवून शालिकरामला नेलं, आणि बडनेऱ्याच्या अलीकडेच सगळं संपलं. शुभम तेव्हा कॉलेजला होता. गाडी मागितली होती हेसुद्धा त्याला कुणी सांगितलं नाही.

आता डॉक्टर म्हणत होते, वेळच्या वेळी आणलं तर पुंजाजी दहा वर्षंही काढतील. इंदूबाईंना ती दहाही वर्षं हवी होती. एक सोमवार नाही की एक गुरुवार बुडता कामा नये. पंधराच्या गाडीनं हा सूड दोन वर्षांतच परवडेनासा झाला असता.

“पेशंटसाठी एक चीज दाखवतो,” म्हणत फरदीननं मागचं दार उघडलं. पुढच्या सीटच्या पाठीला एक स्टँड अडकवलेलं होतं. “याच्यात टॅब लावा. मांगं बसल्या बसल्या भजन पाहीन, पिक्चर पाहीन.”

“फोटो बसते याच्यात?”

इंदूबाईंनी पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेली तसबीर काढली. पोळ्याच्या दिवशी फेटा बांधून उभा राहिलेला शालिकराम. फरदीननं ती स्टँडमध्ये सरकवली. अगदी घट्ट बसली.

“पन मोठेबाबा तं पुढं बसतीन ना आई?”

“मांगंच बसतीन. इथंच, या फोटोच्या समोर.”

शुभमनं फोटोवरून हात फिरवला. “चांगलं केलं तू. भाऊ भाऊ सोबत राह्यतीन.”

“हो,” इंदूबाई म्हणाल्या. “जातानी बी, येतानी बी.”

नीट दिसतो की नाही ते पाहायला त्या स्वतः मागच्या सीटवर चढल्या. शुभमनं दार लावलं. बाहेरचे आवाज एकदम तुटले. शालिकराम हातभर अंतरावर होता आणि सरळ त्यांच्या डोळ्यांत पाहत होता. इंदूबाईंनी मान वळवून काचेबाहेर पाहिलं, मग पुन्हा समोर. तो पाहतच होता.

चौकट ओलांडायला दोन पावलं पुरली असती. खुंटीवरची चावी हिसकावता आली असती. ओरडता आलं असतं. दुसऱ्यांदा निरोप धाडण्याऐवजी टेम्पोवाल्याला हाक मारता आली असती. शालिकराम तिकडे घाम पुसत वाट पाहत होता आणि आपण इथे पदर सावरत उभ्या होतो. त्या उतरायला वळल्या. दाराची कडी कुठे असते तेच त्यांना सापडेना.

फरदीननं बाहेरून दार उघडलं. “दिसते ना काकू बराबर?”

“दिसते.” त्या घाईनं खाली उतरल्या. त्यांनी पदर सावरला. “पक्का करून दे. निंघाले नाई पायजे.”

मग शुभमकडे न पाहताच त्या म्हणाल्या, “अन् मी पुढंच बसन, शुभम. गाडीत कोनी बी असो, कितीक बी असो. मले मांगं बसवू नको.”