नेमकी एकशे साठ

यादीत सदतीस मुली होत्या. एकशे साठ सेंटिमीटरपेक्षा उंच चौदा, कमी उंचीच्या बावीस आणि नेमकी एकशे साठ भरलेली एक. व्हॉलीबॉलच्या वसतिगृहाची अट होती एकशे साठ किंवा जास्त. निवड करणाऱ्या अदितीच्या कॉम्प्युटर प्रोग्रॅममध्ये मात्र नुसतं '>' होतं; त्यापुढचं '=' टाकायचं राहून गेलं होतं. त्यापायी बाहेर राहिली ती एकच, बाजारहत्नूर गावची रंजीता.

निवडीच्या दिवशी रंजीतानं विचारलंही होतं, "मॅडम, एकशे साठच तर पायजे होती ना?"

"कॉम्प्युटर चुकत नसतो," अदिती सगळ्यांसमोर म्हणाली होती.

ते आठवलं की तिचे कान तापत. उंची मोजताना फरशी पोळते म्हणून "मोजे असू द्या गं" म्हणणारी, टेप धरणारी, आकडे भरणारी तीच. चूक ढकलायला दुसरं कुणी नव्हतं.

चौथ्या दिवशी ती नवा फॉर्म आणि टेप घेऊन रंजीताच्या घरी पोचली. अंगणात रंजीताची आई मथुराबाई बाजारासाठी वांगी निवडत होती. तिच्या पायातल्या जाड रबरी चपलांना टाचाच नव्हत्या.

अदितीची नजर तिथे गेलेली पाहून मथुराबाई हसली. "उंदरानं खाल्ल्या म्हणते पोरगी. आमच्याकडचे उंदरं बी कातरीनं कापून राह्यले, मॅडम!"

अदितीला हसू आलं नाही. अशा घरातल्या पोरीची जागा आपण एका चिन्हापायी घालवली.

"चूक माझी झाली, मावशी. रंजीता पात्र होती. जागा अजून आहे."

मथुराबाईच्या हातातलं वांगं तसंच राहिलं. "रंजे! आयकलं का वं? मॅडम सोता आल्या!" मग हळूच म्हणाली, "चार दिस झाले, धड जेवून नाही राह्यली."

रंजीता दारात आली. मान खाली. "राहू द्या ना मॅडम. मले नाही जायचं आता."

"काऊन नाही जायचं?" आई कडाडली.

"राग आला असेल, येऊ दे," अदिती म्हणाली. "पण माझी चूक मला दुरुस्त करू दे."

फॉर्मवर उंची नव्यानं मोजून आईची सही घ्यायची होती. रंजीता चौकटीला पाठ लावून उभी राहिली, या वेळी मोज्यांशिवाय, अनवाणी. अदितीनं तिच्या डोक्यावर वही आडवी धरली, पेन्सिलीनं खूण केली, टेप लावली. मग पुन्हा लावली.

"किती भरली?" मथुराबाईनं त्याच बिनटाचेच्या चपलांतून पुढे येत विचारलं.

एकशे अठ्ठावन्न पूर्णांक दोन.