घरापासून तीनशे पावलं

‘‘इथून ओरडलात तर कुणाला ऐकू जाणार आहे, बाबा?’’

लेक चपला घालून दारात उभी होती, पण निघत नव्हती. कालपासून तिने हे चौथ्यांदा विचारलं होतं, आणि मास्तरांनी चौथ्यांदा चष्मा पुसायला घेतला.

‘‘ओरडायला कशाला हवं? घंटा आहे की.’’

शेजाऱ्याची उचकीसुद्धा ऐकू येणाऱ्या दोन खोल्यांत अर्धं आयुष्य काढल्यावर मास्तरांनी हट्टाने ही दीड एकर जागा घेतली होती. पुढे फाटकाजवळ घर आणि पार मागच्या कुंपणाशी त्यांची सुतारकामाची शेड. मध्ये तीनशे पावलं. पाहुणा आला की ती पावलं मास्तर मोठ्या तोऱ्यात मोजून दाखवत. पण आताशा एका टोकाचं गवत कापून होईस्तोवर दुसऱ्या टोकाचं कमरेला लागे, आणि कुंपणाचे खांब पाळी लावल्यासारखे एकेक करून कलत होते. गुडघेही खांबांच्याच वळणावर गेले होते.

गेल्या वर्षी मास्तर शेडपाशी चक्कर येऊन पडले आणि तासाभराने सापडले, तेव्हा लेकीने घर विकायचंच काढलं होतं. मोबाइलला त्या टोकाला रेंज नाही. मग मास्तरांनी शाळेतून मोडीत निघालेल्या दोन घंटा आणल्या. एक शेडजवळच्या झाडाला टांगली, एक स्वयंपाकघराच्या ओट्यावर. मास्तरांनी दर अर्ध्या तासाला दोन टोले द्यायचे, त्यांच्या बायकोने, माईंनी, घरातून दोन टोल्यांनी उत्तर द्यायचं. घंटा सलग वाजली तर माईंनी ताबडतोब लेकीला फोन करायचा.

‘‘वर्षभरात तुझ्या आईचं एक उत्तर चुकलेलं नाही,’’ मास्तर म्हणाले. ‘‘शाळेचा शिपाईसुद्धा इतका वक्तशीर नव्हता. कधी कधी तर माझा दुसरा टोला पडायच्या आत हिचा पहिला! आणि एक मिनिट इकडेतिकडे होऊ नये म्हणून रोज सकाळी माझं घड्याळ स्वयंपाकघरातल्या घड्याळाशी जुळवून घेते.’’

‘‘आई, तू तरी सांग ना यांना.’’

माई खिडकीकडे तोंड करून मटार सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

‘‘बघा. तीसुद्धा मूग गिळून बसलीये.’’ लेकीचा आवाज चढला. ती माईंच्या समोर जाऊन बसली. ‘‘आई, घर घेणारा रविवारी येतोय. खरं सांग, तुला इथं राहायचंय?’’

माईंनी तिच्या ओठांकडे नीट पाहिलं. ‘‘राहायचंय. हा माणूस फ्लॅटमध्ये चार महिने टिकायचा नाही. मी आहे ना लक्ष ठेवायला!’’

लेक उठली. जाता जाता मात्र तिने बजावलं, ‘‘एकदा जरी घंटा चुकली ना बाबा, तर मी कुणाचं ऐकणार नाही.’’

गाडी गेली. मास्तर एखादा सामना मारल्यासारखे शेडकडे निघाले. साडेदहाला त्यांनी दोन टोले दिले. घराकडून लगेच दोन टोले आले. टण, टण. ऊर भरून आला त्यांचा.

मग ते कोपऱ्यातला कललेला खांब सरळ करायला गेले. खांब हलला, पायाखालची माती सुटली आणि मास्तर खांबासकट आडवे झाले. नडगीत काहीतरी कट्‌कन वाजलं. डोळ्यांपुढे अंधारी आली.

पण माणूस घाबरला नाही. घंटा दहा पावलांवर होती. कोपरांवर सरपटत त्यांनी दोर गाठला आणि ओढायला सुरुवात केली. टणटणटणटण. बाजूच्या झाडावरचे पक्षी उडाले. आता फोन होईल, लेक वाटेतूनच वळेल. घर गेलं हातचं, पण जीव तर वाचेल.

त्यांनी थांबून कान दिला. घराकडून आवाज नाही.

पुन्हा ओढला दोर. हात भरून आले. मागचं दार उघडलं नाही, कुणाची हाक आली नाही. घड्याळात पावणेअकरा झाले होते.

आणि तेव्हा मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. माई उत्तर देत नाहीत म्हणजे माईंनाच काहीतरी झालंय. न्हाणीघरात पाय घसरला असेल. गॅस सुरू राहिला असेल. वर्षभर सगळ्यांनी त्यांचीच काळजी केली; ती एकटी आत पडली तर काय, हे कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. त्यांच्याही नाही.

दोर सोडून ते घराच्या दिशेने सरपटू लागले. पाय मागे ओंडक्यासारखा फरफटत होता. ज्या पावलांचा इतका तोरा मिरवला, त्यांतलं एकेक आता सरता सरत नव्हतं. तोंडात माती जात होती. ‘‘अगं, ए! आलो गं!’’ ते ओरडत होते. ‘‘विकू आपण हे! रविवारी विकू! फक्त धड राहा!’’

पन्नास पावलं झाली. साठ झाली. पुढे कोपर उचलेना. गवताच्या वर घराचं नुसतं छप्पर दिसत होतं. मास्तरांनी मनगट डोळ्यांजवळ आणलं. अकरा.

टण, टण.

घराकडून दोन टोले आले. स्वच्छ, निवांत, रोजच्यासारखे.

ती बरी होती! मास्तरांनी गवतात कपाळ टेकलं आणि ते लहान मुलासारखे रडले. बरी होती, उभी होती, तिच्या घंटेपाशी होती. आता येईलच.

मग त्यांनी हळूहळू मान वळवून मागे पाहिलं. दोर साठ पावलांवर लोंबत होता.

अकराचे टोले त्यांनी दिलेच नव्हते.