चौथा कोपरा

मुरारीने काडी ओढली, पण राबाला लावली नाही. हातातच जळू दिली. बोटाला चटका बसला तेव्हा खाली टाकून पायाने विझवली.

"आता काय मुहूर्त पायजे तुला?" बांधावर बसलेली आवडी म्हणाली. सासरा होता तोवर या बांधावर ती कधी टेकली नव्हती. "वारा सुटला तर डोंगर पेटंल. वाडीतली जीप पन तुला टाकून जाईल."

कुडपणच्या उतारावरचा हा तुकडा भाताच्या रोपासाठी राखलेला. त्यावर महिनाभर तिने एकटीने पाला नि गवत पसरलं होतं. मुरारीला एका दिवसाची रजा. हा राब जाळून जमीन भाजायची नि मुंबई गाठायची.

"आई, आज्याची काठी कुठं हाय?"

मागे हात करून तिने काठी पुढे केली. आणलीच होती.

कोंडाजी आजा राबाला कधी नुसती आग लावत नसे. आधी चारी कोपऱ्यांत काठी आपटायचा, साद घालायचा, आणि तंबाखू चघळून होईतो बांधावर बसून राहायचा. गेल्या चैत्रात तो तापाने निजून होता, म्हणून मुरारीने लावली. थेट. चौथ्या कोपऱ्यातून, करवंदीच्या जाळीकडून, तान्ह्या पोरासारखं काही ओरडलं. सशाची मादी. पोटाखाली तीन पिल्लं.

म्हातारा उठून आला. काळ्या पडलेल्या राबाच्या चारी कोपऱ्यांत त्याने काठी आपटली, साद घातली, आणि उठून जायला कुणी उरलं नव्हतं तरी दरसालाइतकाच वेळ बसून राहिला.

श्रावणात तो गेला. ती काठी मुरारीला मुंबईतही ऐकू येते. भर दुपारी, कामावर, लिफ्टची वाट बघताना.

मुरारीने पहिल्या कोपऱ्यात काठी आपटली.

"उठा रे बाबांनो, उठा गो बायांनो,
लेकरं घ्या पोटाशी, वाट धरा रानाची..."

आवाज आज्यासारखा लागेना. दुसरा कोपरा. तिसरा. लाव्यांची एक जोडी भुर्रकन उडाली. तो माघारी वळला.

"चौथा राह्यला," आवडी म्हणाली.

"तिथं आता काय नाय."

"काय नाय म्हनून मामंजींनी साद टाळली व्हती का रे?"

वाडीतून जीपचा हॉर्न वाजला. एकदा. मग लांबलचक. मुरारी करवंदीपाशी गेला. काठी आपटली. "लेकरं घ्या पोटाशी" म्हणत साद त्याने पुरी केली.

वारा नव्हता. झाडाचं पान हलत नव्हतं. घाटाकडे निघालेल्या जीपचा आवाज विरत गेला.

त्याच्या पायाशी पसरलेला पाला एका जागी दबला. मग थोडा पुढे. मग आणखी पुढे. कुणी म्हाताऱ्या माणसाने जपून पाऊल टाकावं तसा, बांधाच्या दिशेने.

आवडी झटक्यात उठली, पदर डोक्यावर ओढून घेतला, आणि बांधावरची जागा मोकळी करून बाजूला उभी राहिली.