दुसरा मॅप

“डबा तू ठरव. गाडी तुलेच चालवाची आहे,” असं म्हणत प्रफुलभाऊ प्लास्टिकच्या खुर्चीत ऐसपैस बसले.

राजुऱ्याच्या गॅरेजात पवन पांढऱ्या टर्बो गाडीच्या उघड्या बॉनेटपाशी उभा होता. टेबलावर इंजिनाच्या कॉम्प्युटरचे दोन डबे ठेवले होते. कंपनीचा काढून त्यातला एक बसवायचा होता. भाऊंचा भाचा दारात मोबाइल बघत होता, म्हणजे पवनकडेच बघत होता.

ही गाडी आरमोरीकडे दारू न्यायची. गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी, म्हणून तर भाऊंची चांदी. गाडी पवन चालवायचा, शेजारी भाचा बसायचा. पवनचा पाय ॲक्सिलरेटरवरून जरा उचलला गेला, की बातमी भाऊंकडे. पवन आजवर कधी सापडला नव्हता, हेच त्याचं फुटकं नशीब. “हा आपला हुकमाचा एक्का,” भाऊ चारचौघांत त्याच्या पाठीवर थाप मारत.

काम सोडतो म्हणून त्यानं सांगून पाहिलं होतं. भाऊ चिडले नाहीत. उलट त्याच्या घरी चहाला आले. त्याच्या बायकोला, मयुरीला, माहेर कुठलं, एकटी घरी असतेस का, सगळं मायेनं विचारलं. काम सोडायचा विषय पवननं पुन्हा काढला नाही.

त्याच्या आधीचा ड्रायव्हर लटारू मूल गावाजवळ पोलिसांच्या हाती लागला होता. त्यानं तोंड उघडलं नाही. तरी जामिनावर सुटून आल्यावर भाऊंनी त्याला दारात उभं केलं नाही. पोलिसांच्या नजरेत भरलेला माणूस त्यांना नको असे. गोदाम बदललं, लटारूला टाकलं, मामला खतम. आता लटारू आरमोरीच्या बाजारात वांगी विकतो आणि भाऊंची गाडी दिसली की मान खाली घालतो. भाऊ त्याला हसतात. पवन कधी हसला नाही.

“हा स्वस्त, पण याच्यात एकच मॅप,” इंजिनाचा जोर वाढवून देणारा ट्यूनर संघपाल सांगू लागला. “मॅप म्हणजे इंजिनानं किती जोर लावाचा, त्याचा हिशोब. हा दुसरा महाग. याच्यात दोन बसते. बटन दाबलं का मॅप बदलते.”

“महागाचाच लाव,” पवन लगेच म्हणाला.

संघपालचं तोंड उतरलं. दोघं शाळेत एका बाकावर बसायचे. नागपूर, हैदराबादचे नावाजलेले ट्यूनर सोडून पवननं हट्टानं त्यालाच निवडलं होतं. आपला मित्र या चिखलात आणखी खोल चाललाय, आणि तेही आपल्याच हातानं, हे त्याला बघवत नव्हतं. पण भाऊंना नाही म्हणायची त्याचीही छाती नव्हती.

डबा बसला. पहिल्या मॅपवर भाऊ स्वतः, भाच्याला घेऊन, कोरपना रोडला चक्कर मारून आले. उतरले ते हसतच.

“रिकामी तर हवेत उडते. आता दुसरा मॅप माल भरल्यावरचा. याच्याहून जोरदार कर,” ते संघपालला म्हणाले आणि भाच्याला घेऊन समोरच्या टपरीवर चहाला गेले.

संघपालनं लॅपटॉप पुढे ओढला, पण बोटं चालेनात.

“अजून किती पळशीन, पवन? सोडून काऊन नाई देत?”

पवन टपरीकडे बघत राहिला. भाचा बशीत चहा ओतत होता. त्याचं इकडे लक्ष नव्हतं.

“सोडता येत नाई रे. भाऊनं लटारूसारखं टाकलं तरच सुटते,” तो हळूच म्हणाला. “मी पाय दाबूनच ठेवीन, भाच्याले शक नाई येनार. तू दुसऱ्या मॅपमधी आवाज मोठा कर, अन् गाडी पोलिसायच्या गाडीहून जराशी कमी पळू दे.”